भावोजींनी सुधारलेलं शिंगरू

भावोजींना कोणाचंही तोंड रिकामं बघवत नसे. समोरचा माणूस बोलत असला तरी त्यांच्या लेखी ते तोंड रिकामंच, कारण त्यात बिस्कीट नसे. त्यांच्या शर्टाच्या खिशात सदा काहीतरी चुरा झालेलं असायचं, आणि भेटेल त्याच्या हातावर त्यातलं चिमूटभर ठेवल्याशिवाय त्यांना भेट झाल्यासारखं वाटायचं नाही. लोक म्हणायचे, किती मायाळू माणूस. लोकांचं काय जात होतं म्हणायला? ते खिसे उलटे करून झाडायचं आणि मग शर्ट धुवायला टाकायचं काम वहिनीकडे होतं.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यामुळे घर, आठ वर्षांची मुलगी आणि घरामागचा सासऱ्यांनी उभा केलेला घोड्यांचा तबेला, हे सगळं वहिनीच्या गळ्यात. तबेला मोठा नव्हता. पाच-सहा घोड्या, त्यांची शिंगरं, एक लांबट पत्र्याची पडवी आणि कुंपण घातलेला गवताचा तुकडा. पण तिथे काय चालतं आणि काय चालत नाही हे वहिनीला पाठ होतं. दारावर तिने स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘हाताने काहीही भरवू नये.’ अक्षर काही सुबक नव्हतं, पण त्यातला राग लांबूनही वाचता यायचा.

भावोजींचं चरित्र सांगायचं तर ते बशी चाटून पुसून सांगावं लागेल. घरातलं शेंडेफळ. लहानपणी म्हणे काडीसारखे होते. एकदा शेजारची कोणीतरी बाई सासूबाईंना म्हणाली, “याला घरी जेवायला देत नाही वाटतं?” झालं. ते वाक्य सासूबाईंच्या जे काळजात घुसलं ते शेवटपर्यंत निघालं नाही. त्या दिवसापासून शाळेत जायच्या आधी, शाळेतून आल्यावर, अभ्यासाला बसल्यावर, अभ्यासातून उठल्यावर, थोरल्याच्या ताटातलं कमी करून धाकट्याच्या तोंडात. “खात्यापित्या घरचं दिसलं पाहिजे,” असं त्या म्हणायच्या. मुलाने आईकडून घेतलेलं एवढं एकच वाक्य, पण ते त्याने आयुष्यभर पुरवून वापरलं.

मोठेपणी त्यांनी आधी घड्याळं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. एका डोळ्याला भिंग आणि एका हातात टोस्ट. एका निवृत्त मास्तरांचं मनगटी घड्याळ दुरुस्त होऊन जायचं आणि पुन्हा बंद पडून यायचं. शेवटी मास्तरांनीच मागचं झाकण उघडायला लावलं, तर आत चुरा आणि मुंगी. “मुंगी घड्याळात कशाला आली असेल हो?” मास्तरांनी विचारलं. “वेळ बघायला?” मग फोटोंचा स्टुडिओ झाला. मुलं हसावीत म्हणून भावोजी आधी चॉकलेट द्यायचे. त्यामुळे त्या काळातल्या त्या भागातल्या सगळ्या मुलांचे फोटो एकसारखे आहेत: गाल फुगलेले, हनुवटी तपकिरी, आणि हसू कुठेही नाही. त्यानंतर बेकरीच्या गल्ल्यावर बसले. “चव तर बघा” म्हणत त्यांनी इतक्या लोकांना चव दाखवली की विकायला फार उरेना. बेकरीवाल्याने त्यांना अगदी प्रेमाने घरी पाठवलं, आणि निरोप म्हणून मोडक्या टोस्टचं एक खोकं दिलं.

ते खोकं घेऊन भावोजी वहिनीच्या दारात उभे राहिले. जग कृतघ्न आहे, हा त्यांच्या बोलण्याचा सूर. जगाच्या दातांना लागलेली कीड त्यांच्या हिशेबात नव्हती.

चार दिवस आराम केल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. “वहिनी, मला पण काहीतरी काम द्या. रिकामं बसवत नाही.”

“रिकामे कुठे बसता? तोंड चालूच असतं की.”

“चेष्टा नका करू. तबेल्यातलं काहीही चालेल.”

वहिनीने विचार केला आणि त्यांच्या हातात खराटा आणि ढकलगाडी दिली. लीद उचलणाऱ्या माणसाच्या हातात दुसऱ्याला खायला घालण्यासारखं काही नसतं, असं तिचं गणित. इतक्या वर्षांत दिराला पुरतं ओळखलंय असं तिला वाटत होतं. तिथेच ती फसली.

त्या वसंतात तबेल्यातली सगळ्यात म्हातारी घोडी व्याली होती. ही घोडी म्हणजे सासऱ्यांनी हौसेने आणलेल्या पहिल्या घोडीची नात. बाकीच्या सगळ्या इकडून तिकडून घेतलेल्या, हीच काय ती घरची. डॉक्टरबाईंनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, स्पष्ट सांगितलं होतं की हिचं हे शेवटचं बाळंतपण. आणि झालं ते मादी शिंगरू. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पाय असे लांब आणि सरळ की वहिनी सकाळी नुसती ते पाय बघायला जायची. हे शिंगरू नीट वाढलं तर तबेल्याची पुढची आई होणार होतं. पाय बिघडले तर वंश तिथेच संपला. तबेल्यात पायाशिवाय दुसरं भविष्य नसतं.

शिंगरू दोन महिन्यांचं झालं असेल, तेव्हा भावोजी एका सकाळी खराट्यासकट स्वयंपाकघरात शिरले.

“वहिनी, लवकर चला. शिंगरू शेण खातंय.”

“लीद म्हणतात. आणि तो खराटा बाहेर ठेवा.”

“नाव काहीही असो, ते खातंय. आईची. मी डोळ्यांनी बघितलं.”

“खाऊ द्या.”

“खाऊ द्या?” भावोजींचा चेहरा असा झाला की जणू वहिनीने त्यांनाच आग्रह केला होता.

वहिनीने गॅस बारीक केला आणि सांगितलं. लहान शिंगरं आईची ताजी लीद चघळतात. त्यांच्या पोटात गवत पचवणारे जिवाणू मुळात नसतात, ते आईच्या लिदीतून येतात. “दुधाला विरजण लावल्याशिवाय दही होतं का? तसंच हे. थोडं मोठं झालं की आपोआप सोडेल. आपण करायचं एवढंच, की घोडीला वेळेवर जंताचं औषध द्यायचं, आणि ते दिलंय.”

“विरजण,” भावोजी हळूच म्हणाले. त्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी दह्याची वाटी बाजूला सारली. आयुष्यात त्यांनी नाकारलेला तो पहिला पदार्थ असावा.

पण पटलं म्हणाल तर अजिबात नाही. भावोजींना एखादी गोष्ट समजावून सांगणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. संध्याकाळी पुन्हा आलेच. “आपल्या घरचं लेकरू आणि शेण खातं. लोक काय म्हणतील?”

“लोकांना तबेल्यात बोलावतंय कोण?”

भावोजी काही बोलले नाहीत. वहिनीने तेव्हाच ओळखायला हवं होतं की गप्प बसलेले भावोजी आणि गप्प बसलेलं लहान मूल यांच्या हातात काय आहे ते ताबडतोब बघावं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मुलगी तापाने पडली. ताप उतरायचा आणि रात्र झाली की पुन्हा चढायचा. डॉक्टरांनी मऊ भात, पेज आणि सक्तीची विश्रांती सांगितली. नवरा दौऱ्यावर. वहिनी पोरीच्या उशाशी बसून राहिली, थर्मामीटर झटकत, पाण्याच्या पट्ट्या बदलत. तबेल्याचं काम रोजच्या गड्यावर आणि भावोजींवर पडलं. गडी घोड्या फिरवायचा आणि चारा टाकायचा. शिंगराची जागा झाडायचं काम भावोजींचं, म्हणून तिकडे तो बघायचाही नाही. असे दोन-तीन आठवडे गेले.

भावोजी रोज दारातून अहवाल द्यायचे. “काळजीच करू नका, वहिनी. कालपेक्षा आज जाड दिसतंय.”

“जाड?”

“म्हणजे भरलेलं. अंगावर तजेला आलाय. आता कसं खात्यापित्या घरचं वाटतं.”

पोरीच्या कपाळावर हात असताना माणसाचे कान अर्धेच चालतात. वहिनीला ते वाक्य टोचलं, पण तेवढ्यात पोरीने पाणी मागितलं. आणि भावोजी जाता जाता पोरीच्या उशीखाली दोन क्रीमची बिस्किटं सरकवून गेले, ती शोधून काढण्यात बाकीचा राग खर्च झाला.

शेवटी ताप उतरला आणि पोरीने भूक लागली म्हणून रडून दाखवलं. वहिनीने साठलेले कपडे धुतले, वाळत घालायला गॅलरीत गेली, आणि बघते तर कपड्यांचे सगळे चिमटे एका पातेल्यात. ते ज्या प्लॅस्टिकच्या जाळीदार टोपलीत असायचे ती टोपली गायब.

“माझी चिमट्यांची टोपली कोणी नेली?”

“काकाने,” पोरगी आतून म्हणाली. “शिंगराला मुसकी करायला. माझ्या केसांच्या दोन रिबिनी पण नेल्या. म्हणाला, आता ते घाण खाणार नाही, चांगलंचुंगलं खाईल.”

मुसकी म्हणजे जनावराने तोंड घालू नये म्हणून बांधायची जाळी. हातातला ओला परकर तसाच दोरीवर टाकून वहिनी खाली उतरली.

तबेल्यापाशी गर्दी होती. कुंपणाला शेजारपाजारची आठ-दहा माणसं रेलून उभी, त्यात ते घड्याळवाले मास्तरही होते. भावोजी मध्ये, हातात बशी. दारावरच्या पाटीवर त्यांनी आपला टॉवेल वाळत घातला होता.

आत जमीन अशी लख्ख होती की लिदीचा एक गोळा औषधाला सापडला नसता. आणि त्या लख्ख जमिनीवर शिंगरू उभं होतं. तोंडाला निळी टोपली, कानांमागे गुलाबी रिबिनीचा बो. भावोजींनी टोपली काढली मात्र, शिंगराने सरळ त्यांच्या खिशाला तोंड घातलं आणि कापड दातांत धरून ओढलं. लोक हसले. भावोजीही हसले, आणि त्यांनी त्याच्या तोंडात साखरेच्या पाकात बुडवलेला टोस्ट घातला.

“बघा बघा, कसं मागून घेतं,” ते म्हणाले. “माणसासारखं.”

वहिनी शिंगराच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती आधी घोडीकडे बघत होती. म्हातारीचे सड तट्ट फुगले होते आणि दुधाचे थेंब मागच्या पायांवरून ओघळून वाळले होते. मग तिने खाली बघितलं. शिंगराचे पुढचे पाय गुडघ्याखाली सुजल्यासारखे जाड दिसत होते, आणि एका खुराची टाच जमिनीला टेकत नव्हती. शिंगरू चवड्यावर उभं होतं, नाटकातल्या नाचणाऱ्या मुलीसारखं.

वहिनी ओरडली नाही. ओरडण्याइतकी किंमत तिला त्या माणसाला द्यायची नव्हती. तिने बशी घेतली, त्यातलं सगळं ढकलगाडीत ओतलं, आणि कुंपणाकडे वळून म्हणाली, “कार्यक्रम संपला. घरी जेवायला देत नसतील तर तसं सांगा.” माणसं पांगली.

“अहो वहिनी, तो चांगला ताजा टोस्ट होता.”

“भावोजी, त्या गव्हाणीत काय आहे?”

“घोडीची चंदी. धान्य तुम्हीच ठरवलेलं आहे, मी फक्त थोडं वाढवलं. मोजून मापून लेकराला कोणी वाढतं का? आणि ती दोघं मिळून खातात. इतकं गोड दिसतं.”

“दूध कधी पितं?”

“जेवणाच्या वेळी टोपली काढतो ना. सकाळ, दुपार, संध्याकाळ. शिस्त नको का?” दर तासाभराने आईला लुचणाऱ्या जिवाला भावोजींनी कचेरीचं वेळापत्रक लावलं होतं. “बाकीच्या वेळी काढली तर लगेच खाली तोंड घालतं. जुनी सवय. मोठ्या मेहनतीने मोडत आणली होती मी.”

डॉक्टरबाई तासाभरात आल्या. त्यांनी पाय चाचपले, शिंगराला चार पावलं चालवून बघितलं, पोटाला कान लावला. शेपटीखालचे केस पातळ विष्ठेने चिकटलेले होते.

“धान्य कोणी घातलं एवढं?”

भावोजी छताकडे बघू लागले. तिथे एक चिमणी होती.

“हाडं एका वेगाने वाढतात, त्यांना ओढून धरणाऱ्या शिरा दुसऱ्या,” डॉक्टरबाई वहिनीला म्हणाल्या. “धान्य आणि साखरेचा मारा केला की हाड पुढे पळतं, शीर मागे राहते. म्हणून ही टाच वर. धान्य आजपासून बंद. घोडीची चंदी कमी करा आणि वेगळी बांधून द्या, याचं तोंड पोचता कामा नये. दूध आणि गवत, बास. थोडं थोडं चालवायचं. टाच मी तासून देते. महिनाभरात खाली आली तर आली.”

“आणि नाही आली तर?”

“तर शस्त्रक्रिया करून बघता येईल. खात्री देत नाही.” त्यांनी हातात ती निळी टोपली उचलून धरली. “आणि हे काय आहे?”

“चिमट्यांची टोपली,” वहिनी म्हणाली.

“तोंडाला का?”

“लीद खातं म्हणून,” भावोजी आता पुढे झाले. इथे तरी आपली बाजू घेणारं शिकलेलं माणूस भेटेल अशी त्यांची आशा. “तुम्हीच सांगा डॉक्टर, चांगल्या घरचं लेकरू शेण खाताना बघवतं का?”

डॉक्टरबाईंनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने टोपलीची रिबीन सोडवत सोडवत, अगदी साध्या आवाजात सांगितलं, “भावोजी, या तबेल्यात शेण एकानेच खाल्लंय. शिंगराने नाही.”

डॉक्टरबाईंना अचानक बॅगेत काहीतरी शोधावंसं वाटलं. भावोजींना ते वाक्य कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते खराटा भिंतीला टेकवून निघून गेले आणि रात्री जेवायला आले नाहीत. नवऱ्याला फोनवर हे समजलं तेव्हा तो काळजीने म्हणाला, “जेवला नाही? बरं नाही का त्याला?”

“बरं आहे,” वहिनी म्हणाली. “पहिल्यांदाच.”

पुढचा महिना तिचा कुठे गेला तिला कळलं नाही. घरात एक अशक्त पोर, तबेल्यात दुसरं. इकडे पेज, तिकडे गवत. शिंगरू सुरुवातीला येईल त्याच्या खिशाला चावायचं. हातातलं खायला शिकवलेल्या शिंगराला हात कुठे संपतो आणि खाऊ कुठे सुरू होतो ते कळत नाही. वहिनीच्या दंडावर निळा डाग पडला. तिने तो कोणाला दाखवला नाही, फक्त भावोजी समोर आले की ती बाही वर सरकवायची. म्हातारी घोडी मात्र शहाणी. टोपली गेल्यावर शिंगराला पोटाशी घेतलं ते सोडलंच नाही. आणि गड्याला वहिनीने बजावून ठेवलं: शिंगराची जागा झाडायची, पण घोडीने टाकलेली ताजी लीद लगेच उचलायची नाही.

रोज सकाळी वहिनी खाली बसून त्या टाचेखाली बोट घालून बघायची. आधी बोट सहज जायचं. मग अडायला लागलं. ती कोणाला काही बोलली नाही, बोललं की दृष्ट लागेल अशी धाकधूक. घरी येऊन पोरीच्या कपाळाला तोच हात लावायची. आणि एका सकाळी बोट आत गेलंच नाही. डॉक्टरबाई येऊन म्हणाल्या, शर्यतीचा घोडा होणार नाही, पण आई व्हायला काही हरकत नाही. वहिनी गव्हाणीच्या कडेवर बसली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

राहता राहिले भावोजी. त्यांना घरातून काढणं शक्य नव्हतं, तेवढं नातं होतं. तबेल्यात काम देणं शक्य नव्हतं, तेवढी अक्कल वहिनीला आली होती. त्यांना कुंपणाबाहेर खुर्ची टाकून दिली. काम एकच: बघायला येणाऱ्यांनी शिंगराला काही भरवायचं नाही हे सांगायचं. आणि गंमत म्हणजे या कामात भावोजी चमकले. आयुष्यभर ज्यांना नुसतं द्यायची सवय, त्यांना नाही म्हणण्यातली ऐट सापडली. पाटीवरून टॉवेल काढून त्यांनी ती फडक्याने पुसली. पाटीखाली खुर्ची, मांडीवर बिस्किटांचा पुडा, आणि येईल त्याला पोटाच्या विकारांवर व्याख्यान. व्याख्यानातला शब्दन्‌शब्द वहिनीचा, फक्त चुऱ्यासकट.

एका संध्याकाळी मास्तर आले. शिंगरू गवताच्या तुकड्यात आईच्या मागे मागे चालत होतं, चारी टाचा टेकवून. म्हातारीने शेपूट वर केलं. शिंगरू थांबलं, हुंगलं आणि खाली तोंड घातलं.

“अहो, ते बघा,” मास्तर म्हणाले. “तुमचं शिंगरू शेण खातंय.”

वहिनी आत दुसऱ्या एका घोडीला खरारा करत होती. तिचा हात थांबला.

“खाऊ द्या, मास्तर,” बाहेरून भावोजींचा भारदस्त, भरल्या तोंडाचा आवाज आला. “त्याशिवाय सुधारणा होत नाही. मी स्वतः अनुभव घेतलाय.”

वहिनीने पुन्हा खरारा चालवायला सुरुवात केली. दिराच्या बोलण्यात दुरुस्ती करण्यासारखं काहीच नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.